वॅक्सच्या पट्टीवरचे केस मायक्रोस्कोपखाली बघितले तेव्हा

माझी भाची चौदा वर्षांची आहे, सुट्टीत आमच्याकडे आली होती आणि तिला पायावरचे केस काढायचे होते. आजीचं म्हणणं एकच, ब्लेड लावू नकोस, राठ येतील. शेवटी आम्ही साखर आणि लिंबाचा रस आटवून घरीच वॅक्स केलं, आणि मी झूलॉजी शिकवते त्यामुळे ती वापरलेली पट्टी टाकवेना, डबीत घालून दुसऱ्या दिवशी भाचीला घेऊनच लॅबमध्ये गेले. गरम पाण्यात साखर विरघळवली, चिमट्याने एकेक केस उचलून स्लाइडवर ठेवला आणि तिला बघायला लावलं.

दोन प्रकारची टोकं दिसली. काही केसांच्या खालच्या बाजूला काळा, फुगलेला, जरा वाकडा गड्डा होता, कांद्याच्या पातीच्या खाली असतो तसा, आणि त्याभोवती पारदर्शक ओलसर आवरण. बाकीच्यांच्या टोकाला फक्त छोटीशी पांढरी गाठ, काडेपेटीच्या काडीच्या टोकाएवढ्या प्रमाणात, कोरडी. काळा गड्डावाले म्हणजे वाढत असलेले केस, पांढऱ्या गाठीचे म्हणजे वाढ थांबवून नुसते जागेवर बसलेले. आणि सगळ्या केसांची वरची टोकं सुईसारखी निमुळती, कारण या केसांना आजवर कधी कात्रीसुद्धा लागली नव्हती. केस काढायच्या सगळ्या पद्धती कळायला एवढी एक स्लाइड पुरते असं मला खरंच वाटतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतेय.

आपल्याला दिसतो तो केस मेलेला असतो. केराटिन नावाच्या प्रोटीनने गच्च भरून मेलेल्या पेशींची ती दोरी आहे, त्यात रक्त नाही, नस नाही. जिवंत भाग असतो त्वचेच्या आत, रोमकूपाच्या म्हणजे केस उगवतो त्या खळग्याच्या तळाशी, तिथे बारीक रक्तवाहिन्यांवर पोसलेल्या पेशी भराभर दुप्पट होत वर ढकलल्या जातात. आणि या कूपाच्या भिंतीवर थोडं वर, जिथे शहारा आणणारा इवलासा स्नायू चिकटलेला असतो ना, तिथे एक फुगवटा असतो, त्यात मूळ पेशी म्हणजे स्टेम सेल्स असतात. केस उपटला, तळाचा गड्डा गेला, तरी हा फुगवटा शाबूत असतो आणि तो पुन्हा नवा केस उभा करतो. म्हणजे ‘मुळापासून काढला’ असं आपण म्हणतो तेव्हा खरं मूळ आतच राहिलेलं असतं.

अंगभर असे साधारण ५० लाख रोमकूप घेऊन आपण जन्माला येतो आणि जन्मानंतर नवे तयार होत नाहीत. बाईच्या हनुवटीवर किंवा मुलाच्या गालावर अचानक केस ‘आला’ म्हणजे कूप आधीपासून तिथे होताच, त्यात आधी मऊ बिनरंगाची लव होती, आता जाड काळा केस आहे, एवढंच. हा बदल घडवतात अँड्रोजेन गटातली हॉर्मोन्स, जी बायकांच्याही शरीरात असतात, फक्त कमी. (तान्ह्या बाळाच्या अंगावरची लव कणकेचा गोळा फिरवून काढायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे, पण ती लव आपोआपच गळते, बाळाची नाजूक कातडी घासून लाल करू नका प्लीज.)

प्रत्येक केसाचं आपलं वेळापत्रक असतं. वाढ, मग दोनतीन आठवडे आवराआवर, मग विश्रांती, मग गळून नवा केस. डोक्यावरचा केस २ ते ६ वर्षं वाढतच राहतो म्हणून वेणी घालता येते, पायावरचा काही महिनेच वाढतो म्हणून तो कितीही वाट बघितली तरी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत लांब होत नाही. आणि पायावरचे बरेचसे कूप कुठल्याही एका दिवशी झोपलेले असतात. पार्लरवाल्या ताईंनी कितीही नीट वॅक्स केलं तरी पंधरा दिवसांत ठिपके दिसायला लागतात ते याच्यामुळे, काढलेले केस एवढ्या लवकर आलेले नसतात, त्या दिवशी आत असलेले आता बाहेर आले.

आता आजीचा मुद्दा. १९२८ मध्ये अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी चार पुरुषांना ठरलेल्या पद्धतीने दाढी करायला लावून ते केस गोळा करून तपासले, वाढीचा वेग किंवा जाडी वाढल्याचं काही दिसलं नाही. १९७० मध्ये आणखी एक साधा आणि मला फार आवडणारा प्रयोग झाला, पाच तरुणांनी काही महिने दर आठवड्याला एकाच पायाचे केस ब्लेडने काढले, दुसरा पाय तसाच ठेवला, आणि शेवटी दोन्ही पायांच्या केसांत काहीच फरक नव्हता. ब्लेड वरच्या मेलेल्या दोरीला लागतं, आत तळाशी त्याची खबरच पोचत नाही. मग राठ का लागतं? कारण सुईसारखं टोक कापलं गेलं आणि आता केसाचा जाड मधला भाग सपाट कापलेला वर येतो, गवत कापल्यावर अनवाणी पायाला खुंट टोचतात ना तसं. भाचीला मी माझ्या शेव्ह केलेल्या हाताचा एक केस शेजारी ठेवून दाखवला, त्याचं टोक करवतीने कापलेल्या लाकडासारखं दिसत होतं. शिवाय मुलं मुली पहिल्यांदा रेझर हातात घेतात ते चौदापंधराव्या वर्षी, आणि नेमकं त्याच वयात हॉर्मोन्समुळे लव जाड होत असते, म्हणून दोष ब्लेडच्या माथी येतो. आजीने बघितलेलं खोटं नाही, कारण वेगळं आहे.

दाढीचा केस मात्र चिवट असतो हे खरं. पोलाद केसापेक्षा जवळजवळ ५० पट कठीण, तरी ब्लेड बोथट होतं कसं, हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितलं. केस कापताना वाकतो, आणि ब्लेडच्या धारेवर जिथे पोलादाची रचना एकसारखी नाही तिथे त्या वाकलेल्या केसाच्या जोराने बारीक टवका उडतो. म्हणून पुरुषांनो, कोरड्या गालावर ब्लेड ओढू नका, दोन मिनिटं कोमट पाणी लावून ठेवलं की केस पाणी पिऊन मऊ पडतो, कापायला जोर कमी लागतो. उलट्या दिशेने अगदी गुळगुळीत करायच्या नादात केस त्वचेच्या आत तुटतो, मग कुरळा असेल तर टोक आतल्या आत वळून कातडीत घुसतं आणि मानेवर लाल पुरळ उठतं. हेच वॅक्सनंतर मांडीवर होतं, आणि त्यात स्टॅफिलोकोकस हा जंतू शिरला की होतो तो आपला केसतोड. नाकातले केस तर चिमट्याने कधीच उपटू नका, छोट्या कात्रीने किंवा ट्रिमरने वरच्यावर कापा, कारण त्या भागातलं इन्फेक्शन क्वचित का होईना आत डोक्यापर्यंत पोचू शकतं. सलूनमध्ये नवीन ब्लेड तुमच्यासमोर लावून घ्या, हेपेटायटिस बी सारखे व्हायरस दुसऱ्याच्या वापरलेल्या ब्लेडवरून येऊ शकतात आणि वरून फिरवलेली तुरटी त्याला थांबवत नाही.

क्रीमची गोष्ट वेगळी, ते केमिस्ट्रीने कापतं. केराटिनच्या धाग्यांना गंधकाच्या अणूंच्या जोड्यांनी एकमेकांशी बांधलेलं असतं, क्रीममधलं थायोग्लायकोलेट ते बांध तोडतं आणि सोबतचा अल्कली केसाला फुगवतो, पीएच १२ च्या आसपास असतो, चुन्याच्या निवळीइतका. पाच दहा मिनिटांत केसाचा लगदा होतो, तो वास येतो तो याच गंधकाचा. अडचण एवढीच की आपल्या त्वचेचा वरचा थरसुद्धा केराटिनचाच आहे, तो फक्त जरा उशिरा विरघळतो. त्या ‘जरा उशिरा’वर सगळा खेळ चालतो. मी कॉलेजात असताना फोन आला म्हणून काखेत क्रीम दुप्पट वेळ राहिलं होतं, आठवडाभर हात खाली घेता येत नव्हता, म्हणून सांगतेय की घड्याळ लावा आणि आदल्या दिवशी कोपराच्या आत थोडंसं लावून बघा.

ही युक्ती फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात जखमेभोवतीचे केस काढायला लेप दिलाय, शंखाचं चूर्ण दोन भाग, हरताळ एक भाग, आंबवलेल्या द्रवात वाटून. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं संयुग, शंख म्हणजे कॅल्शियम, आणि आजच्या क्रीमच्या ट्यूबवर वाचा, कॅल्शियम थायोग्लायकोलेट, परत कॅल्शियम आणि गंधकच. आर्सेनिक मात्र विष आहे, तेव्हा ‘आयुर्वेदात आहे’ म्हणून घरी करायला जाऊ नका. कोल्हापुरी चपलेचं कातडं कमावतानाही आधी ते चुन्याच्या पाण्यात ठेवतात, केस सैल होऊन निघून येतात, तीच अल्कलीची करामत.

कायमचे केस घालवायच्या हव्यासाने माणसांनी किती भोगलंय हेही माहीत असायला हवं. १८९६ मध्ये, म्हणजे एक्स-रेचा शोध लागून जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा, व्हिएन्नात लिओपोल्ड फ्रॉइंड या डॉक्टरने एका लहान मुलीच्या पाठीवरच्या केसाळ डागावर एक्स-रे सोडले. केस गळले, मग त्याच जागी व्रण झाला. तरी १९२० च्या दशकात अमेरिकेत बायकांच्या हनुवटीवरचे केस काढायला एक्स-रेची पार्लरं निघाली, दुखत नाही, डाग नाही असं सांगून. काही वर्षांनी त्या बायकांच्या चेहऱ्याची कातडी सुरकुतली, व्रण झाले, कित्येकींना कॅन्सर झाला. हे वाचलं की मला अजूनही चीड येते.

लेझरला घाबरून लोक विचारतात, हेही तसलंच रेडिएशन का? नाही. लेझर म्हणजे प्रकाश, तो डीएनए फोडत नाही, उष्णता देतो. १९८३ मध्ये बॉस्टनच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी मांडलं की प्रकाशाचा रंग आणि झोताचा वेळ नेमका निवडला तर त्वचेतलं हवं तेवढंच लक्ष्य तापवता येतं. केसात ते लक्ष्य म्हणजे मेलॅनिन, काळा रंग. केस तापतो आणि ती उष्णता शेजारच्या फुगवट्यातल्या स्टेम सेल्सपर्यंत जाते, म्हणजे ब्लेड आणि वॅक्स जिथे पोचत नाहीत तिथे. आता माझी स्लाइड आठवा. काळा गड्डावाला वाढता केसच ही उष्णता खाली नीट नेतो, पांढऱ्या गाठीचा झोपलेला केस नाही, म्हणून एका सिटिंगमध्ये काम होत नाही, चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ तरी लागतात. आणि म्हणूनच आधीचा महिनाभर वॅक्स, थ्रेडिंग बंद, कूपात केसच नसेल तर तापणार काय, शेव्हिंग चालतं. पिकलेल्या केसांवर लेझर लागू पडत नाही, त्यात मेलॅनिनच नाही.

आपल्यासाठी महत्त्वाचं हे की मेलॅनिन आपल्या कातडीतही भरपूर आहे. गोऱ्या युरोपियन त्वचेवर चालणारी सेटिंग सावळ्या त्वचेवर लावली तर कातडीच भाजते, काळे किंवा पांढरे डाग राहतात. लेझरचे प्रकार प्रकाशाच्या तरंगलांबीवरून ओळखतात: ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट आपल्याला जास्त जपून वापरावा लागतो, ८१० च्या आसपासचा डायोड बरा, आणि १०६४ चा एनडी-याग खूप सावळ्या त्वचेला सगळ्यात सुरक्षित, कारण तो खोल जातो आणि वरच्या मेलॅनिनमध्ये कमी अडकतो. ऑफर किती टक्के आहे यापेक्षा मशीन कुठलं आणि हाताळणारं कोण, त्वचारोगतज्ज्ञ आहे का, हे विचारा. आणि ‘पर्मनंट’ हा शब्द ऐकलात तर थांबून विचारा, कारण अमेरिकेचं एफडीए, म्हणजे औषधांना आणि अशा मशीनना मान्यता देणारं सरकारी खातं, लेझरला कायमची ‘घट’ म्हणतं, कायमचं निर्मूलन नाही. काहींना तर उलट होतं, चेहऱ्यावर आणि मानेवर आधी लव होती तिथे लेझरनंतर जाड केस येतात, सावळ्या त्वचेत आणि हॉर्मोन्सचा त्रास असलेल्यांत हे जास्त दिसतं.

खरोखर कायमची म्हणावी अशी पद्धत म्हणजे इलेक्ट्रोलिसिस, आणि ती १८७५ ची आहे. सेंट लुईसच्या चार्ल्स मिशेल या डोळ्यांच्या डॉक्टरने डोळ्यात टोचणाऱ्या उलट्या पापण्यांसाठी ती वापरली. केसाच्या कडेने बारीक सुई कूपात घालून वीज सोडायची, आतल्या खारट पाण्यातून तिथल्या तिथे कॉस्टिक सोडा तयार होतो आणि कूप मरतो. पांढऱ्या केसालाही चालतं, पण एकेक केस, त्यामुळे वेळ आणि सहनशक्ती दोन्ही लागते.

आणि आता जे सांगायला मी हे सगळं लिहायला बसले. आमच्या वर्गात एक मुलगी कोरोना ओसरून वर्ष झालं तरी मास्क काढत नव्हती, प्रॅक्टिकललाही नाही. एकदा लॅब रिकामी झाल्यावर तिने काढला. हनुवटीवर आणि जबड्यावर दाट केस, रोज सकाळी चिमट्याने उपटून कातडी काळी पडलेली. पाळी चार चार महिने नाही, आणि घरी कुणालाच सांगितलेलं नाही. बाईच्या चेहऱ्यावर, छातीवर, बेंबीखाली असे जाड केस वाढण्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) आहे, ज्यात अँड्रोजेनचं प्रमाण वाढतं, आणि त्याचा संबंध पुढे डायबेटिसशीही असतो. केस तिथे नुसते दिसायचा प्रश्न नाहीत, ती आतली खबर आहे. अगदी थोड्या महिन्यांत केस भराभर वाढले, आवाज घोगरा झाला तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा.

औषधं आहेत. हॉर्मोन्सवरच्या गोळ्या आहेत, आणि एफ्लॉर्निथिन नावाचं एक क्रीम आहे जे कूपातल्या पेशींच्या वाढीला लागणारं एन्झाइम अडवतं. हेच औषध आफ्रिकेत त्से-त्से माशीमुळे होणाऱ्या स्लीपिंग सिकनेसवर माणसं वाचवत होतं, तरी नफा नाही म्हणून १९९० च्या दशकात त्याचं उत्पादन थांबलं होतं, २००० मध्ये बायकांच्या चेहऱ्यावरच्या केसांसाठी क्रीमला मान्यता मिळाली आणि २००१ मध्ये करार होऊन ते त्या रुग्णांनाही पुन्हा मिळायला लागलं. गोळ्यांचा फरक दिसायला सहा महिने तरी लागतात, कारण आधीच जाड झालेला केस आपलं वेळापत्रक पुरं करून गळेपर्यंत तसाच राहतो, तोवर शेव्ह करा, थ्रेडिंग करा, काही बिघडत नाही.

फक्त एक करा. डॉक्टर केस बघून नऊ जागांना ० ते ४ गुण देतात आणि त्यावरून ठरवतात की त्रास किती आहे. त्या मुलीबरोबर मी गेले होते तेव्हा ती आदल्या रात्री सगळे केस उपटून आली होती, डॉक्टर म्हणाल्या, आता मी गुण कशाला देऊ, चार आठवड्यांनी ये आणि येताना हनुवटी तशीच घेऊन ये.