बिल्डोत्तर स्वच्छता (सॉफ्टवेअर पॅकेज)

सोर्सपासून (प्रोग्रामच्या मूळ मजकुरापासून) पॅकेज तयार करताना, म्हणजे बिल्ड करताना, निर्माण झालेल्या फाइली काढून टाकणे आणि बदललेल्या फाइली पूर्ववत करणे, या प्रक्रियेस बिल्डोत्तर स्वच्छता म्हणतात. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये ‘मेक’ हे बिल्ड आपोआप करणारे साधन लिहिले. मेकफाइलीत, म्हणजे मेकला सूचना देणाऱ्या फाइलीत, स्वच्छतेसाठी ‘क्लीन’ नावाचे लक्ष्य (नाव देऊन चालवता येणारे काम) ठेवण्याची रूढी त्याच साधनाभोवती रुजली. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या संकेतांनुसार ‘डिस्टक्लीन’ हे लक्ष्य कॉन्फिगरने (बिल्डपूर्वी संगणकानुसार मांडणी ठरवणाऱ्या स्क्रिप्टने) निर्माण केलेल्या फाइलीही काढते.

डेबियन या लिनक्स-आधारित प्रणालीच्या धोरणानुसार क्लीनने बिल्डचे सर्व परिणाम उलटवावेत, मात्र वरच्या डिरेक्टरीत तयार झालेल्या फाइलींना हात लावू नये. एकाच डिरेक्टरीत पॅकेज सलग दोनदा बिल्ड होणे, ही याची व्यावहारिक कसोटी होय. खानदेशातील जिनिंगमध्ये वाण बदलताना आधीची सरकी यंत्रात राहिली, तर पुढच्या बियाण्यात भेसळ होते. आधीच्या बिल्डमध्ये सोर्सपासून बनलेल्या यंत्रभाषेतील जुन्या ऑब्जेक्ट फाइलींचेही तसेच आहे.

नव्या फाइली पुसणे सोपे असते; खरी अडचण मूळ फाइलीच बदलतात तेव्हा येते. समजा, जळगाव-धुळ्याकडील एखाद्या गटाने एका पॅकेजला अहिराणी भाषांतर जोडले. त्यातील ‘पीओ’ फाइलीपासून (भाषांतराच्या मजकुरापासून) बिल्डमध्ये प्रोग्रामला वाचता येणारी ‘एमओ’ फाइल बनते आणि ती निःशंकपणे पुसता येते. परंतु अनेक बिल्ड पीओ फाइलच अद्ययावत करून तिच्यातील दिनांक व ओळक्रमांक बदलतात. ‘३.० क्विल्ट’ या डेबियनच्या सोर्स-पॅकेज स्वरूपात मूळ सोर्समधील बदल पॅच, म्हणजे फरकांच्या फाइलींत, नोंदवावे लागतात; मग न नोंदलेला हा फरक दिसताच सोर्स-पॅकेज बांधणारे डीपीकेजी-सोर्स हे साधन दुसऱ्या वेळी थांबते. पीओ हे भाषांतरकाराचे मूळ लेखन असल्याने क्लीनमध्ये ते पुसणे गैर. बिल्डमधील अद्ययावतीकरण बंद करावे, किंवा आधी प्रत ठेवून क्लीनमध्ये ती परत आणावी. याउलट, पायथॉन पॅकेजांसोबत येणारी ‘एग-इन्फो’ ही पॅकेजविषयीची माहिती पुन्हा निर्माण होणारी असते, आणि डीपीकेजी-सोर्स फाइल नाहीशी झाल्याची केवळ सूचना देऊन पुढे जात असल्याने ती सरळ पुसली तरी चालते.

‘डेबियन/क्लीन’ या फाइलीत लिहिलेल्या नावांच्या फाइली डेबियनचे डीएच-क्लीन हे साधन काढून टाकते. मेसन हे बिल्ड-साधन मात्र सोर्सपासून स्वतंत्र बिल्ड डिरेक्टरी सक्तीची करते. सोर्सला धक्काच न लावणारी ही पद्धत अधिक भरवशाची म्हणावी लागेल.

डेबियन पॅकेजे बिल्ड करणारी एसबिल्डसारखी साधने दर वेळी ताज्या प्रतीतून बिल्ड करतात, त्यामुळे सदोष क्लीन बराच काळ झाकलेले राहते आणि स्वतःच्या संगणकावर छोटी दुरुस्ती करून पुन्हा बिल्ड करणाऱ्यालाच ते प्रथम आडवे येते.