टायमिंग बेल्टचा बिघाड (जुन्या गाड्यांतला)

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाच्या एका टोकाला, कव्हरच्या आत फिरणारा दातेरी रबरी पट्टा. खाली क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या वरखाली चालीने फिरणारा दांडा), वर कॅमशाफ्ट (हवा आत आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), दोघांची चाल जुळवून ठेवायचं काम त्याचं. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, म्हणून कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकापेक्षा बरोबर दुप्पट दात असतात. हा हिशोब चुकला की व्हॉल्व्ह भलत्याच वेळी उघडतात, गाडी मिस मारते, खेचत नाही, आणि जास्तच चुकला तर सरळ बंद पडते.

आधी एक गैरसमज. सकाळी गाडी चालू केल्यावर जी किंचाळी येते ती बहुतेक वेळा बाहेरच्या फॅनबेल्टची असते, म्हणजे अल्टरनेटर वगैरे फिरवणाऱ्या पट्ट्याची. टायमिंग बेल्टला दात असतात त्यामुळे तो तसा घसरून किंचाळत नाही, पण लोक आवाज ऐकून टायमिंग बेल्ट बदलून घेतात आणि मग आवाज तसाच का येतोय म्हणून डोकं खाजवतात. दुसरं म्हणजे आपल्या इंजिनात बेल्ट आहे की चेन हेच आधी बघा. हलकं प्लास्टिकचं कव्हर असेल तर बहुधा बेल्ट, धातूचं सील मारलेलं कव्हर असेल तर बहुधा चेन, कारण चेनला तेल लागतं आणि बेल्टला (काही नवी इंजिनं सोडली तर) तेल म्हणजे विष.

हा पट्टा तसा फार जुना नाही. 1962 मध्ये जर्मनीतल्या ग्लास कंपनीच्या एस 1004 गाडीत तो आला, 1966 मध्ये अमेरिकेत पॉन्टियाकच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात आणि त्याच सुमारास फिआटच्या ट्विन कॅम इंजिनात. चेनपेक्षा स्वस्त, हलका आणि आवाज कमी, म्हणून पुढची दोन-तीन दशकं तो सगळीकडे पसरला. आज जुनी म्हणवणाऱ्या गाड्यांमध्ये तो इतका सापडतो तो यामुळेच.

बेल्ट तुटला तर नुकसान किती, हे इंजिनाच्या रचनेवर आहे. काही इंजिनांत व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असला आणि पिस्टन अगदी वर आला तरी दोघांमध्ये जागा उरते, तिथे नवा बेल्ट टाकला की काम झालं. त्याला नॉन-इंटरफिअरन्स म्हणतात. इंटरफिअरन्स इंजिनात ती जागा नसते, पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागतं. डिझेल इंजिनं जवळजवळ सगळी या दुसऱ्या जातीची. त्यामुळे गाडी चालता चालता अचानक बंद पडली, सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलकं आणि भरभर फिरतंय, मधे दम लागल्यासारखा तो ठेका येत नाहीये, तर तिथेच थांबा. परत परत सेल्फ मारू नका, आणि धक्का मारून तर अजिबात नको. बेल्ट नुसता दोन दात सरकलेला असेल तर वाचलेले व्हॉल्व्ह या खटपटीत जातात.

मग बघायचं कसं? सगळ्यात सोपं म्हणजे ऑइल टाकायचं झाकण काढून आत कॅम दिसतो का बघा, किंवा बेल्टच्या कव्हरचा वरचा भाग सोडवा, आणि क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने हळूच थोडंसं फिरवा. खाली क्रँक फिरतोय आणि वर कॅम ढिम्म, म्हणजे बेल्ट तुटला किंवा खालच्या चाकाजवळचे दात साफ झाले. हे दात जाणं फसवं असतं कारण वरून बघितलं तर पट्टा जागेवर, चांगला ताणलेला वगैरे दिसतो. फिरवताना इंजिनाच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवा, आणि ती दिशा सगळ्यांची सारखी नसते बरं का, होंडाची बरीच जुनी इंजिनं उलटी फिरतात.

बेल्ट शाबूत आहे पण गाडीत दम नाही, आयडलिंग खराब, अशा वेळी दात सरकल्याचा संशय घ्यायचा. क्रँकच्या चाकाला 20 दात असले तर एक दात म्हणजे क्रँकचे 18 अंश, ही काही छोटी चूक नाही. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन टॉपला, म्हणजे अगदी वर, आणून क्रँकची खूण जुळवा, मग कॅमची खूण जिथे हवी तिथे आहे का बघा. कॅम अर्धा फेरा उलटा दिसला तर घाबरू नका, क्रँकचा अजून एक पूर्ण फेरा द्या. कॉम्प्रेशन गेजही (सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर) खूप सांगतो. एका कॅमशाफ्टच्या इंजिनात सगळ्याच सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखंच कमी आलं तर टायमिंग सरकलेलं असू शकतं, एखाद-दुसऱ्याचंच शून्याजवळ असेल तर तिथला व्हॉल्व्ह वाकलाय किंवा जळलाय अशी शंका घ्यायची.

जुन्या गाड्यांत इथे एक खास घोळ असतो. डिस्ट्रीब्युटर (प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी पोचवणारा भाग) कॅमवरून फिरत असेल तर बेल्ट सरकला की इग्निशनचं टायमिंगही सरकतं. मग कोणीतरी डिस्ट्रीब्युटर थोडा फिरवून गाडी 'बरी' करून देतं, ठिणगी जागेवर येते पण व्हॉल्व्ह मागेच राहतात, आणि मग कार्ब्युरेटर, प्लग, फिल्टर सगळं बदलून झालं तरी पिकअप येत नाही. डिस्ट्रीब्युटर त्याच्या खाचेच्या अगदी टोकाला नेऊन बसवलेला दिसला तर आधी बेल्टच्या खुणा तपासा.

आता मुख्य मुद्दा. वेळेवर बदललेला बेल्ट स्वतःहून क्वचित मरतो, त्याला दुसरं कोणीतरी मारतं. कॅमच्या किंवा क्रँकच्या सीलमधून (तेल अडवणाऱ्या रबरी रिंगमधून) तेल गळलं की रबर फुगून मऊ होतं. वॉटर पंप याच बेल्टवर असेल तर त्याचं बेअरिंग ढिलं होऊन चाक तिरपं होतं आणि बेल्टची एक कड खाल्ली जाते. एका बाजूचे धागे सुटलेले दिसले तर बेल्टला नाही, पुलींना (बेल्ट ज्यावरून फिरतो त्या चाकांना) दोष द्या. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारं चाक) किंवा आयडलरचं (बेल्टला नुसती वाट देणाऱ्या चाकाचं) बेअरिंग सुकलं की घरघर येते, बेल्ट फार ताणला तर गुणगुणतो, सैल असला तर कव्हरला आपटतो. मित्सुबिशीच्या काही इंजिनांत बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचा) वेगळा छोटा बेल्ट असतो, तो तुटून मोठ्या बेल्टमध्ये अडकतो आणि दोघंही जातात. म्हणून नुसता पट्टा बदलून उपयोग नाही. टेन्शनर, आयडलर, सील, आणि बेल्टवरच असेल तर वॉटर पंपही, हे सगळं एकदमच बदलावं. मजुरी उघडण्याची असते, पार्टची नव्हे.

बदलायचा कधी, तर कंपनीच्या पुस्तकात लिहिलेले किलोमीटर किंवा वर्षं, यातलं जे आधी येईल ते. उभी राहिलेली गाडी जास्त धोक्याची कारण किलोमीटर झालेले नसतात आणि रबर मात्र म्हातारं होतं. वरून भेगा नाहीत म्हणजे बेल्ट ठीक असं समजू नका, नंतरच्या काळातल्या रबराला भेगा पडतच नाहीत फारशा, आतले काचेचे धागे तुटत जातात.

नवा बसवल्यावर प्लग काढून ठेवा आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून सगळ्या खुणा परत बघा. चाकांवरच्या खुणा जुळायला हव्यात, बेल्टवर छापलेल्या रेघा मात्र लगेच परत जुळत नाहीत, त्यावरून गडबडू नका. फिरवताना मधेच कडक लागलं तर जोर लावायचा नाही, तो बहुधा व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असतो, बेल्ट काढून पहिल्यापासून खुणा लावायच्या.