ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लिफ्ट : दोषनिदान

ट्रॅक्टरच्या मागे तीन दांड्यांना जोडलेले अवजार तेलाच्या दाबाने उचलणारी, हव्या त्या उंचीवर धरून ठेवणारी आणि खाली सोडणारी यंत्रणा म्हणजे हायड्रॉलिक लिफ्ट. ती नीट चालेनाशी झाली असता लक्षणे आणि साध्या चाचण्या यांवरून बिघाडाची जागा ठरविणे, हा या नोंदीचा विषय आहे. येथे विचार प्रामुख्याने १५ ते ३० अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरांचा केला आहे. महाराष्ट्रात असे ट्रॅक्टर नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत वेलींच्या दोन ओळींमधून चालतात आणि भातपट्ट्यात चिखलणीसाठीही वापरले जातात.

तीन-बिंदू जोडणी आणि तिला जोडलेली लिफ्ट व्यवहारात आणण्याचे श्रेय हॅरी फर्ग्युसन या आयरिश अभियंत्याकडे जाते. १९३६ मध्ये बाजारात आलेल्या फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरवर ती होती आणि १९३९ च्या फोर्ड ९एन या ट्रॅक्टरमुळे तिचा मोठ्या प्रमाणावर प्रसार झाला. फर्ग्युसन पद्धतीच्या अनेक ट्रॅक्टरांत पंप गिअरपेटीच्या आत असतो आणि तो पीटीओ शाफ्टवर (अवजारांना इंजिनाची शक्ती पुरविणाऱ्या शाफ्टवर) फिरतो, तर बहुतेक लहान ट्रॅक्टरांत गिअर पंप थेट इंजिनावर चालतो. निदानाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या प्रकारात क्लच दाबल्यावर किंवा पीटीओचा दांडा सुटल्यावर लिफ्ट थांबणे स्वाभाविक असते, दुसऱ्या प्रकारात नाही.

पंप गाळणीतून तेल ओढतो आणि नियंत्रण व्हॉल्व्हकडे पाठवितो. चालकाने दांडा वर केला की व्हॉल्व्हमधील स्पूल (तेलाची वाट बदलणारा सरकता गज) सरकते, तेल सिलिंडरमध्ये शिरते, दट्ट्या पुढे ढकलला जातो आणि आडवा शाफ्ट फिरून दोन्ही लिफ्ट आर्म वर येतात. आर्म ठरलेल्या उंचीला पोहोचले की त्यांच्याशी जोडलेली एक कडी स्पूलला पुन्हा मध्यावर आणते. मग पंपाचे तेल दाबाविना टाकीत परतते आणि सिलिंडरमधले तेल एकदिशा झडपेमुळे कोंडलेले राहते. सिलिंडर एकाच बाजूने काम करतो, म्हणजे अवजार केवळ स्वतःच्या वजनाने खाली येते. म्हणून कडक जमिनीत नांगर शिरत नाही, हा लिफ्टचा दोष नव्हे. ती अवजार जमिनीत दाबू शकतच नाही.

किती वजन उचलले जाईल हे तेलाच्या दाबावर आणि किती वेगाने उचलले जाईल हे तेलाच्या प्रवाहावर अवलंबून असते. निदानाचा निम्मा भाग या एका वाक्यात आहे. समजा दट्ट्याचा व्यास ७० मिमी. आणि दाब दर चौ. सेंमी.ला १५० किग्रॅ. आहे, तर दट्ट्यावरचे बल सुमारे पावणेसहा हजार किग्रॅ. होते. दट्ट्या १० सेंमी. सरकला असता खालच्या दांड्यांची टोके सुमारे ६० सेंमी. वर येत असतील, तर त्या टोकांशी मिळणारे बल सहाव्या हिश्शाचे, म्हणजे साडेनऊशे किग्रॅ.च्या आसपास राहते आणि घर्षणामुळे ते आणखी कमी होते. लहान ट्रॅक्टरांची उचलक्षमता सर्वसाधारणपणे ५०० ते १,००० किग्रॅ. असते, शिवाय चाचणीत ती दांड्यांच्या टोकांपासून ६१० मिमी. मागे मोजण्याचा प्रघात आहे. ४०० लिटरच्या फवारणी टाकीत भरलेले पाणीच ४०० किग्रॅ. भरते, त्यात लोखंड, पंप आणि पंख्याचे वजन मिळविले आणि गुरुत्वमध्य बराच मागे गेला, की निरोगी लिफ्टही अडते. त्यामुळे कोणताही पाना हातात घेण्यापूर्वी अवजाराचे वजन विचारात घ्यावे.

त्यानंतर तपासावयाचे ते तेल. लहान ट्रॅक्टरांत गिअरपेटी, डिफरन्शियल आणि लिफ्ट यांना बहुधा एकच तेल पुरते, म्हणून गिअरचा झिजलेला कीस आणि तेलात बुडालेल्या ब्रेकची धूळ गाळणीत येऊन साचते. ट्रॅक्टर सपाटीवर उभा करून, अवजार जमिनीवर टेकवून पातळी पाहावी. उतारावर उभ्या ट्रॅक्टरची पट्टी खोटे सांगते. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी आहे की हवा, हे ठरविण्यासाठी थोडे तेल काचेच्या बाटलीत घेऊन रात्रभर ठेवावे. हवेचा फेस निवळतो. पाणी मिसळलेले तेल मात्र दुधाळच राहते किंवा तळाशी पाणी वेगळे साचते. चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरांत झिजलेल्या सीलमधून पाणी शिरल्याचे वारंवार आढळते.

लिफ्ट रिकामीही उचलत नसेल, तर तेलाची पातळी, पंपाला गती मिळते की नाही, दांड्यापासून स्पूलपर्यंतची जोडणी सुटली आहे का आणि स्पूल अडकले आहे का, हे याच क्रमाने पाहावे. रिकामी उचलते पण भार घेत नाही, अशी तक्रार असेल तर दाब कुठेतरी निसटतो आहे. टिपर ट्रॉलीसाठी बाहेर काढलेला तेलाचा नळ असेल, तर येथे फार सोपी कसोटी हाती येते : त्या नळावर भरलेली ट्रॉली नेहमीसारखी उचलली गेली, तर पंप आणि मुख्य रिलीफ व्हॉल्व्ह (दाब मर्यादेपलीकडे गेल्यास तेल परत सोडणारी झडप) ठीक आहेत आणि दोष पुढे, लिफ्टच्या सिलिंडरकडे आहे. ट्रॉलीही उचलली गेली नाही, तर दोष मागे, पंप किंवा रिलीफ व्हॉल्व्हकडे शोधावा. त्याच नळावर दाबमापक लावला तर आणखी कळते. इंजिनाचा वेग वाढविला तसा दाबही वाढत गेला, तर पंप झिजलेला किंवा मार्गात गळती असण्याचा संभव अधिक असतो; प्रत्येक वेगाला दाब एकाच कमी आकड्यावर अडला, तर रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग बसलेली असते किंवा त्याच्या बैठकीवर कचरा अडकलेला असतो. हा व्हॉल्व्ह मापकाशिवाय आवळून दाब वाढविणे चुकीचे आणि धोक्याचे आहे, कारण त्याने पंपाचे कवच किंवा नळी फुटू शकते.

दोष गार असताना अधिक जाणवतो की गरम झाल्यावर, हे चालकाला आवर्जून विचारावे. सकाळी सुस्त असलेली लिफ्ट तासाभराने सुधारत असेल, तर जाड तेल किंवा तुंबलेली गाळणी यांचा संशय घ्यावा. सकाळी उत्तम आणि दुपारी दमलेली लिफ्ट झिजेकडे बोट दाखविते. गरम तेल पातळ होऊन वाढलेल्या फटींतून निसटते. पंपाचा किंचाळण्यासारखा आवाज आणि फेसाळलेले तेल एकत्र आढळल्यास ओढीच्या बाजूने, म्हणजे पंपाकडे तेल आणणाऱ्या नळीतून, हवा शिरत असते. या नळीत वातावरणापेक्षा कमी दाब असल्यामुळे तेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते; म्हणून बाहेरून कोरडा दिसणारा सांधा निर्दोष मानू नये. सांध्यावर जाड ग्रीस थापून आवाज बदलतो का ते ऐकावे.

सर्वांत जास्त गैरसमज ‘लिफ्ट झटके मारते’ या तक्रारीबद्दल आहे. उचललेले अवजार ठराविक अंतराने किंचित खाली येते आणि उसळून वर जाते. त्यावरून पंप खराब झाल्याचे समजून तो विनाकारण बदलला जातो. वास्तविक सिलिंडरमधले तेल झिरपून आर्म खाली येतात, जोडणीची कडी स्पूलला पुन्हा उघडते आणि पंप त्यांना वर आणतो. झटके हा पंप चांगला असल्याचाच पुरावा आहे. इंजिन बंद केले की तीच लिफ्ट सावकाश खाली बसते. झटके मारणे आणि खाली बसणे हे एकाच गळतीचे दोन चेहरे आहेत.

ही गळती नेमकी कुठे, हे अनेक ट्रॅक्टरांत सीटखालच्या खाली-येण्याचा-वेग ठरविणाऱ्या चक्रीवरून कळते. ती सिलिंडर आणि नियंत्रण व्हॉल्व्ह यांच्यामध्ये असून पूर्ण बंद होत असेल, तर अवजार उचलून ती बंद करावी, इंजिन थांबवावे आणि आर्मची उंची खडूने खूण करून मोजावी. अवजार स्थिर राहिले तर गळती नियंत्रण व्हॉल्व्ह किंवा एकदिशा झडपेत आहे; तरीही बसत गेले तर दट्ट्याची ओ-रिंग (तेल अडविणारे रबरी कडे) किंवा सिलिंडरवरचा सुरक्षा व्हॉल्व्ह दोषी आहे. थोडे बसणे नव्या ट्रॅक्टरातही आढळते. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेच्या ट्रॅक्टर चाचणीतही भार उचलून दर ५ मिनिटांनी, ३० मिनिटांपर्यंत, तो किती खाली आला याची नोंद घेतली जाते. घरच्या चाचणीलाही हीच वेळ पाळावी.

लिफ्ट पूर्ण वर गेल्यावर कर्कश आवाज येत राहिला तर कडीची जुळणी बिघडलेली असते. स्पूल मध्यावर परतत नाही आणि सारे तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून जाऊन तापते. नांगर आपोआप वर येत असेल, तर ड्राफ्ट कंट्रोलचा (जमिनीच्या ओढीनुसार अवजार आपोआप वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचा) दांडा आणि टॉप लिंक, म्हणजे तीन दांड्यांपैकी वरचा दांडा, ज्या भोकात जोडला आहे ते भोक आधी पाहावे. बहुतेक वेळा तो बिघाड नसून मांडणीतील चूक असते.

तपासणी करताना उचललेल्या अवजाराखाली, केवळ तेलाच्या भरवशावर, शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. भक्कम लाकडी ठोकळे लावावेत. बारीक छिद्रातून उडणारी तेलाची धार त्वचा भेदून आत शिरते, म्हणून गळती हाताने न चाचपता पुठ्ठा फिरवून शोधावी. तेल त्वचेत शिरल्यास जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे लागते.

दोष दट्ट्याशी निघाला आणि लिफ्टचे झाकण उतरवावे लागले, तर केवळ ओ-रिंग बदलून भागत नाही. सिलिंडरच्या भिंतीवर नखाला अडेल अशी ओरखड असल्यास नवी रिंगही लवकरच कापली जाते. जोडणी झाल्यावर गाळणी धुऊन वा बदलून उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचे तेल भरावे, लिफ्ट प्रथम रिकामी आणि इंजिनाच्या मंद वेगावर अनेकदा वर-खाली करून हवा जाऊ द्यावी आणि तेलाची पातळी पुन्हा एकदा पाहून मगच अवजार जोडावे.