न भुंकता सांगणारा कुत्रा

दाराची बेल वाजली की कुत्रा भुंकतो. घरच्यांना सावध करायची ही त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पण घरातल्या माणसाला बेलही ऐकू येत नसेल आणि भुंकणंही, तर त्या सावध करण्याचा उपयोग काय? कर्णबधिर माणसांच्या मदतीसाठी तयार होणाऱ्या कुत्र्यांच्या, म्हणजे हिअरिंग डॉग्जच्या प्रशिक्षणाचा खरा कस इथे लागतो. ऐकायला त्यांना कुणी शिकवत नाही. ऐकलेलं स्पर्शानं सांगायला शिकवतात.

हे काम १९७०च्या दशकात अमेरिकेत सुरू झालं. ब्रिटनमध्ये पशुवैद्य ब्रूस फोगल आणि लेडी बिएट्रिस राइट यांच्या पुढाकारानं १९८२ साली 'हिअरिंग डॉग्ज फॉर डेफ पीपल' ही संस्था उभी राहिली. तिचा पहिला कुत्रा, फेवर, हा रस्त्यावर सापडलेला, संकरित जातीचा होता. आता मात्र प्रामुख्यानं लॅब्राडोर, कॉकर स्पॅनियल आणि पूडल घेतले जातात. कुत्रा आवाजाला बिचकणारा नको आणि आवाजाकडे कानाडोळा करणाराही नको. खुट्ट झालं की 'बघू तरी काय आहे' म्हणून पुढे होणारा, माणसांत रमणारा हवा.

स्वयंपाकघरातला एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. ओव्हनचा टायमर वाजतो. बाई बाहेरच्या खोलीत वाचत बसल्या आहेत. कॉकर स्पॅनियल उठतो, त्यांच्यापाशी येतो आणि गुडघ्यावर पंजा ठेवतो. लॅब्राडोर असता तर त्यानं बहुधा नाकानं ढोसलं असतं. बाई हाताच्या खुणेनं विचारतात, 'काय झालं?' कुत्रा वळतो आणि त्यांना थेट ओव्हनपाशी घेऊन जातो. दार, गजर, बाळाचं रडणं, घरातल्या कुणी मारलेली हाक, सगळ्यांची पद्धत हीच. अपवाद एकच, धोक्याच्या घंटेचा. आगीचा अलार्म वाजला तर माणसाला आवाजाच्या दिशेनं नेणं उलट घातक ठरेल. म्हणून कुत्रा स्पर्श करतो आणि विचारल्यावर जागीच जमिनीवर आडवा होतो. त्याचा अर्थ मालकाला पक्का ठाऊक असतो: बाहेर पडा.

कुत्र्याचे कान तिखट असतात हे खरं. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे (म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं असलेले; कंपनं जास्त तितकी आवाजाची पट्टी उंच) आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंतचे. पण इथे त्याची फारशी गरज पडत नाही. नेहमीचा स्मोक अलार्म ३,००० हर्ट्झच्या आसपास वाजतो, धडधाकट कानाच्या माणसाला तो सहज ऐकू येतो. वयानुसार ऐकणं कमी होत जातं तेव्हा उंच पट्टीचे आवाज आधी जातात, म्हणून तो नेमका वृद्धांच्या हातून निसटू शकतो. आवाज कुठून आला हे बिनचूक ताडण्यात तर माणूस कुत्र्यापेक्षा सरस आहे.

खरी अडचण सवयीची असते. तोच आवाज रोज ऐकू आला आणि त्यातून काही निष्पन्न होत नसलं, की कोणताही प्राणी तो मनावर घेणं सोडून देतो. हे होऊ नये म्हणून ठरावीक आवाजांना बक्षीस जोडलं जातं. आवाज झाला, मालकाला जाऊन सांगितलं, खाऊ मिळाला. शेकडो वेळा हे घडलं की बेल कुत्र्यासाठी आनंदाची बातमी होते.

आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. अंध व्यक्तीचा कुत्रा बहुतेक वेळा मालकाच्या आज्ञेवर चालतो, 'पुढे', 'डावीकडे'. इथे आज्ञा देणार कोण? आवाज झालाय हेच मालकाला माहीत नसतं. झोपेतून किंवा खेळातून उठून काम सुरू करायचं ते कुत्र्यानं, आपणहून. शिवाय खाऊच्या आशेनं तो खोटंच सांगायला आला तर मालकाला कळणार कसं? म्हणून मालक त्याच्या मागोमाग जातो आणि आवाजाचं कारण पाहूनच शाबासकी देतो. पाहुणे येईनासे झाले तर शेजाऱ्याला सांगून मुद्दाम बेल वाजवून घ्यावी लागते, नाहीतर शिकलेलं विरतं.

श्रवणयंत्रं आहेत, शस्त्रक्रियेनं कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट आहे, लुकलुकणारे दिवे आणि उशीखाली थरथरणारे गजर आहेत, मग कुत्रा कशाला, असं कुणी विचारेल. ही उपकरणं मोलाचीच आहेत. पण श्रवणयंत्र आणि इम्प्लांटचा बाहेरचा भाग रात्री काढून ठेवतात, तेव्हा घर पुन्हा निःशब्द होतं. शिवाय बहिरेपण दिसत नाही. हाकेला ओ दिली नाही की लोक माणसाला शिष्ट ठरवतात, आणि माणूस हळूहळू चारचौघांत जायचं टाळतो. कुत्र्याच्या अंगावरचं लालसर जाकीट पाहून अनोळखी माणूसही समजून घेतो आणि समोर येऊन बोलतो. रस्त्यावर हे कुत्रे गाड्यांच्या आवाजाची सूचना देत नाहीत, तसं त्यांना शिकवलेलंही नसतं. पण त्याचे कान टवकारले, मान वळली, की मालक त्या दिशेला पाहतो.

अशा कुत्र्यानं खरंच फरक पडतो का, याची ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी पद्धतशीर तपासणी केली. कुत्र्यासाठी अर्ज केलेल्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले: काहींना कुत्रा लवकर, काहींना नेहमीच्या प्रतीक्षायादीनुसार. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, कुत्रा मिळालेल्यांची चिंता आणि नैराश्य कमी झालेलं आढळलं, इतरांवर अवलंबून असल्याची भावनाही घटली. मात्र सगळा खर्च सरकारनं उचलणं हिशेबात बसत नाही, असंही त्याच अभ्यासात दिसलं. ब्रिटनमधलं हे काम मुख्यतः देणग्यांवर चालतं. जपाननं २००२ साली सहाय्यक कुत्र्यांसाठी कायदा केला, त्यात अंधांच्या कुत्र्यांबरोबर यांनाही सार्वजनिक ठिकाणी प्रवेशाचा हक्क दिला.

परदेशात असा जाकीट घातलेला कुत्रा दिसला तर त्याला हात लावू नका, खाऊ देऊ नका, तो कामावर असतो. त्याच्या माणसाशी बोलायचं असेल तर आधी नजरेसमोर या, चेहऱ्यावर उजेड असू द्या, आणि ओरडू नका. ओरडताना ओठांचा आकार बदलतो आणि ते वाचणं आणखी अवघड होतं.