गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाण्यातला व्यायाम : येण्याआधी एवढं वाचून या

फोनवर बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो, "मला पोहता येत नाही, चालेल का?" चालेल. इथे पोहायचं नाहीच, चालायचं आहे. पाणी छातीपर्यंत, पाय तळाला टेकलेले, हाताशी कठडा आणि शेजारी पाण्यात उतरलेली आमची फिजिओथेरपिस्ट. तरीही पहिल्या दिवशी कठडा घट्ट धरलेल्या आजी आम्ही रोज पाहतो. घाई कुणी करत नाही. एकेक बोट सुटत जातं.

पाण्यात काय होतं?

कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराचं साधारण निम्मं वजन येतं, छातीएवढ्या पाण्यात सुमारे एक तृतीयांश. म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या दोन्ही पायांवर मिळून पंचवीस किलोच्या आतबाहेर. जमिनीवर लंगडत टाकलेलं पाऊल इथे टाच आधी, मग चवडा, असं नीट पडतं. लंगडण्याची सवय अंगात मुरण्याआधी हे झालं तर फार बरं.

पाणी पायाला चहूबाजूंनी दाबतं आणि खोलीबरोबर हा दाब वाढतो, त्यामुळे घोट्याजवळची सूज उतरायला मदत होते. पाय सावकाश हलवला तर पाणी वाट देतं, भरभर हलवला तर अडवतं. व्यायाम किती कठीण करायचा हे त्यामुळे तुमच्याच हातात राहतं. आमचं पाणी ३३ ते ३५ अंशांवर ठेवलेलं असतं. पोहण्याच्या नेहमीच्या तलावातलं पाणी याहून बरंच गार असतं. त्यात दुखरा सांधा आखडतो.

कधी यायचं?

टाके बहुधा दोनेक आठवड्यांत निघतात, पण तेवढ्यावर पाण्यात उतरता येत नाही. जखम पूर्ण भरलेली, खपली गळलेली आणि तुमच्या सर्जनची लेखी परवानगी हवी. जखमेतून थेंबभर पाणी येत असेल तरी आम्ही परत पाठवतो. कृपया राग मानू नका. नव्या सांध्यात जंतुसंसर्ग झाला तर पुन्हा ऑपरेशनची वेळ येऊ शकते.

ताप, जुलाब, आटोक्यात नसलेलं बीपी, हृदयाचा त्रास किंवा फिट येत असेल तर आधी सांगा. एकाच पोटरीला सूज येऊन ती गरम आणि दुखरी वाटत असेल, तर इकडे न येता तडक डॉक्टरांकडे जा. रक्ताची गुठळी असू शकते. मधुमेह असेल तर उपाशीपोटी येऊ नका. पाण्यात उतरण्याआधी आणि नंतर आम्ही तुमचे तळवे बघतो, कारण बधिर पायाला खरचटलेलं कळत नाही.

पहिली भेट कोरडीच असते: गुडघा किती वाकतो, किती सरळ होतो, ते मोजतो. पाण्यातलं पहिलं सत्र १५ मिनिटांचं, पुढे अर्ध्या तासापर्यंत. घरचा व्यायाम मात्र सोडायचा नाही. जिना शेवटी जमिनीवरच चढायचा आहे.

बाहेर येताना

पायरीगणिक वजन परत अंगावर येतं आणि कोमट पाण्यामुळे क्वचित चक्करही येते. म्हणून मधल्या पायरीवर दोन मिनिटं थांबवतो, मग खुर्चीत बसवून पाणी प्यायला देतो. पाण्यात हलकं वाटलं म्हणून काठी इथेच विसरून जाणारे पुष्कळ आहेत. ज्या वॉकरने किंवा काठीने आलात, तिच्याच आधाराने घरी जा.

सोबत दोन टॉवेल, न घसरणारी चप्पल, अंगाला बसणारे पोहण्याचे कपडे आणि डिस्चार्ज कार्ड आणा.