हवा-पाणी प्रवाह प्रयोग

अणुभट्टीचे शीतक पाणी गळून गेल्यास नळ्यांत वाफ आणि पाणी एकत्र कसे वाहतील, हे वाफेच्या जागी साधी हवा वापरून तपासण्याची पद्धत. पारदर्शक ॲक्रिलिकच्या नळ्या, पंप, कॉम्प्रेसर आणि वेगवान कॅमेरा एवढ्या साहित्यावर प्रयोग उभा राहतो. दाबजल भट्टीत (जिथे पाणी उकळू नये म्हणून ते मोठ्या दाबाखाली ठेवतात) सुमारे १५५ बार दाब आणि ३०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान असते. तिथल्या जाड पोलादी नळीत डोकावणे शक्य नसते.

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात बोअर मारताना कॉम्प्रेसरची हवा खाली सोडली की पाणी एकसारख्या धारेने येत नाही, उसळ्या घेत बाहेर पडते. हवा थोडी असेल तर पाण्यात नुसते बुडबुडे असतात. ती वाढली की नळीभर मोठे फुगे होतात, मग नुसती घुसळण. शेवटी पाणी पातळ थर होऊन नळीच्या भिंतीला चिकटते आणि मधून हवा धावते. भट्टीच्या उभ्या नळ्यांतही वाफ-पाण्याचे हेच प्रकार घडतात. आडव्या नळीत पाणी तळाला बसते. भारताच्या २२० मेगावॉटच्या जड पाण्याच्या भट्ट्यांत इंधनाच्या ३०६ वाहिन्या आडव्याच आहेत, त्यामुळे वरच्या इंधनकांड्या उघड्या पडण्याचा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा.

सर्वांत मोलाचा अभ्यास मात्र उलट्या दिशांच्या प्रवाहांचा. तेलाच्या पिप्याला एकच भोक पाडून तो उलटा केला, तर आत शिरणारी हवा तेलाला अडवते आणि तेल गचके देत पडते. दुसरे भोक पाडले की धार लागते. भट्टी बंद केल्यावरही सुरुवातीला तिच्या पूर्ण शक्तीच्या ६-७ टक्के उष्णता निघतच राहते. तेव्हा वरून सोडलेले पाणी गाभ्यापर्यंत, म्हणजे इंधन असलेल्या भागापर्यंत, उतरलेच पाहिजे, आणि खालून जोराने येणारी वाफ नेमके तेच रोखू शकते. किती वेगाला पाणी उतरणे थांबते, याचे ग्रॅहम वॉलिस यांनी १९६१ मध्ये मांडलेले सूत्र उभ्या नळ्यांतील हवा-पाणी प्रयोगांवरच आधारलेले आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडी अडकली आणि तिच्यातून शीतक पाणी गळत राहिले. भट्टीचा दाब राखणाऱ्या दाबनियंत्रक टाकीत मात्र पाणी भरपूर दिसत होते, कारण नळीतून वर चढणारी वाफ ते खाली उतरू देत नव्हती. भट्टीत पाणी पुरेसे आहे असे समजून चालकांनी आणीबाणीचे पाणी कमी केले आणि गाभा उघडा पडून त्याचा सुमारे अर्धा भाग वितळला.

हवेच्या प्रयोगाला मर्यादा आहेत. हवा थंड पाण्याला लागून विरत नाही, वाफ विरते. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट. ७० बार दाबाच्या वाफेच्या मात्र जेमतेम २० पट. आकारानेही फरक पडतो. जर्मनीतील मानहाइम येथे पूर्ण आकाराच्या भट्टीची प्रतिकृती उभारून खऱ्या वाफेवर चाचण्या झाल्या, तेव्हा छोट्या प्रतिकृतींवरून वाटले होते त्याहून अधिक पाणी खाली पोचले. रुंद जागेत वाफ फुटलेल्या नळीच्या बाजूने निसटत होती आणि पाणी दुसऱ्या बाजूने उतरत होते.