भामरागड : पावसाळी बेटाचे अर्थकारण

गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, छत्तीसगडच्या सीमेवरचा भामरागड तालुका आणि त्याच नावाचे गाव. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमावर ते वसले आहे. जिल्ह्याच्या ठिकाणापासून अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, समुद्र तर शेकडो किलोमीटर लांब. तरीही जून ते सप्टेंबर या काळात इथला व्यवहार बेटासारखा चालतो. माल आत येत नाही, बाहेर जात नाही आणि पुढचे चार महिने कसे जातील हे मे महिन्यात हाती आलेल्या पैशावर ठरते. सरकारी कागदांत ‘बेट’ हा शब्द सापडणार नाही. तिथे दरवर्षी ‘पावसाळ्यात संपर्क तुटणारी गावे’ अशी यादी निघते. समुद्रातल्या बेटांना निदान बंदर असते, जहाजाचे वेळापत्रक असते. इथे पूर आला की लाकडी डोंगा आणि आपत्ती विभागाची बोट, एवढेच.

२०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या सुमारे ३६ हजार होती आणि तिच्यात माडिया गोंडांचे मोठे बहुमत आहे. कातकरी आणि कोलाम यांच्याबरोबर माडिया ही महाराष्ट्रातील तिसरी विशेष असुरक्षित आदिम जमात मानली जाते. तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीच्या, म्हणजे आदिवासी भागांसाठी खास तरतुदी असलेल्या क्षेत्रात येतो आणि इथे स्वतंत्र एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प आहे.

भामरागडचा पूर पावसाच्या हिशोबाने येत नाही, हे बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. पर्लकोटा छत्तीसगडातून येते, तिकडे तिला कोटरी म्हणतात. इंद्रावती ओडिशाच्या कालाहंडी भागात उगम पावते आणि बस्तरभर फिरून इथे पोचते. बस्तरात जोर झाला की इंद्रावती फुगते. मग ती पर्लकोटेचे पाणी पोटात घेत नाही, उलट मागे लोटते. गावात ऊन पडलेले असताना बाजारपेठेत पाणी शिरल्याचे अनुभव म्हणूनच येतात. २०१९ च्या पावसाळ्यात असे पाणी एकदा नव्हे, अनेकदा शिरले. दुकानदाराला दर वेळी माल माळ्यावर चढवायचा आणि पाणी ओसरले की गाळ उपसायचा. या मेहनतीचा आणि नासाडीचा खर्च शेवटी मिठाच्या, तेलाच्या भावात उतरतो.

वर्षाचा ताळेबंद साधारण असा. खरिपाचा धान कार्तिक-मार्गशीर्षात घरी येतो. शेती बहुतांशी पावसावरची, एकपिकी. उताराच्या जमिनीवर कोसरीसारखी भरडधान्ये होतात. पूर्वी जंगल तोडून, जाळून केली जाणारी पेंदा शेती हाच मुख्य आधार होता. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळतात. ती वेचून, वाळवून ठेवली जातात. थोडी विकली जातात, बरीचशी घरी राहतात. पाठोपाठ चार नावाच्या झाडाची फळे पिकतात आणि त्यांची चारोळी निघते. जुन्या काळी व्यापारी पायली-दोन पायली मिठाच्या बदल्यात चारोळी नेत, ही आठवण गोंडी मुलखात सगळीकडे ऐकायला मिळते. मग मे महिना येतो, आणि तो तेंदूपानाचा.

तेंदूचा हंगाम एकेका ठिकाणी जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. त्याआधी खुटकटाई होते, म्हणजे तेंदूची झुडपे जमिनीलगत छाटतात, तेव्हा कोवळी, रुंद, बिडीला लागणारी पाने फुटतात. पहाटे अंधारात घर सोडायचे, उन्हे चढेपर्यंत पाने तोडायची, दुपारी घराच्या सावलीत बसून पुडे बांधायचे. तोडणीला धडधाकट माणसे जातात, पुडे बांधायला मात्र म्हातारी आणि पोरेसुद्धा बसतात. महाराष्ट्रात एक पुडा ७० पानांचा आणि अशा १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर न्यायचे, मोजून द्यायचे. तिथे ते उघड्यावर वाळवले जातात, पालटले जातात आणि शेवटी पाणी शिंपडून बोदांत, म्हणजे मोठ्या पोत्यांत भरले जातात. या मधल्या दिवसांत वळवाचा पाऊस पडला तर पान काळे पडते. म्हणून मजूर, मुनीम आणि ठेकेदार तिघांचीही नजर आभाळाकडे लागलेली असते.

सबंध वर्षातली मोठी रोकड घरात येते ती याच हंगामात, नदी वाट बंद करण्याच्या जेमतेम दोन-तीन आठवडे आधी. तांदूळ, मीठ, तेल, कपडे, शाळेचे दप्तर, बैलाची जोडी, छपराची कवेले यांचा सौदा याच पैशातून व्हायचा असतो. पैसा उशिरा मिळाला तर तो मिळूनही उपयोगाचा राहत नाही, कारण तोवर पर्लकोटेवरचा पूल पाण्याखाली गेलेला असतो. ‘मागास तालुका’ असे बिरूद लावून मोकळे होणाऱ्या अहवालांत हा वेळेचा हिशोब क्वचितच आढळतो. जंगलातल्या मालाची इथे कधीच टंचाई नव्हती. मेमध्ये भाव कोण ठरवतो, यावर पावसाळ्यात घरात किती दाणा राहील ते ठरत आले आहे.

भाव ठरवणारे हात बदलत गेले. अहेरीच्या जमीनदारीत जंगलाचे उत्पन्न जमीनदाराचे होते. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि तिथल्या कायद्याने १९५१ मध्ये जमीनदारी संपली. जंगल सरकारजमा झाले. पुढे महाराष्ट्रात १९६९ च्या वनोपज (व्यापार विनियमन) अधिनियमाने तेंदूपानाचा व्यापार सरकारी नियंत्रणाखाली आला. वनविभाग जंगलाचे घटक पाडून लिलाव करी, ठेकेदार पान नेई, मजुराला पुड्याचा दर मिळे. बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जाई. ज्याच्या दारात बांबू उगवतो त्याला मात्र टोपली विणण्यासाठी तो तोडताना वनरक्षकाची भीती. आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्यासाठीच्या १९७६ च्या कायद्यानंतर आदिवासी विकास महामंडळाने खरेदी केंद्रे उघडली. व्यापाऱ्यांच्या काट्यापासून काहीशी सुटका झाली, पण पान आणि बांबू ही दोन मोठी पिके त्या खरेदीबाहेरच राहिली.

१९८० नंतर नक्षलवादी चळवळ या जंगलात शिरली आणि तिने सर्वात आधी हात घातला तो पुड्याच्या दराला. दर वाढले, हे तिचे विरोधकही मान्य करतात. त्याच वेळी ठेकेदारांकडून वसुली सुरू झाली, फळ्या जाळल्या गेल्या, रस्त्यांची यंत्रे पेटली. पोलीस आणि दलम, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकड्या, यांच्या मधल्या गावांचा व्यवहार आणखी आक्रसला. या काळाने तालुक्याला नेमके काय दिले आणि काय हिरावून घेतले याची बेरीज-वजाबाकी करायला एक नोंद पुरणार नाही.

खरा बदल कायद्याच्या कलमांतून आला आणि तो सावकाश आला. १९९६ च्या पेसा, म्हणजे पंचायतींची व्यवस्था अनुसूचित क्षेत्रांत नेणाऱ्या कायद्याने तिथल्या ग्रामसभेला गौण वनोपजाची, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातल्या इतर उपजाची, मालकी दिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्काची वाट उघडली आणि बांबूलाही गौण वनोपजात घेतले. याच जिल्ह्यातल्या, पण धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा तोवर राज्यभर पोचली होती. पण हक्क मिळाला तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडले. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ मध्ये झाले. त्यानंतर तेंदूपानासाठी ग्रामसभांपुढे दोन पर्याय आले : वनविभागाने त्यांच्या वतीने लिलाव करावा किंवा ग्रामसभेने स्वतः विकावे. गडचिरोलीतील बऱ्याच ग्रामसभांनी दुसरा पर्याय धरला. मजुरीच्या वर स्वामित्व शुल्काचा, लोकांच्या भाषेत ‘रॉयल्टी’चा, पैसा प्रथमच गावाच्या खात्यात जमा होऊ लागला.

म्हणून सगळे सुरळीत झाले असे नाही. जाहिरात देणे, करारनामा, अनामत, वाहतूक पास, कर ही सगळी कागदपत्रे गोंडी-माडिया बोलणाऱ्या सभेने मराठीत सांभाळायची असतात. ठेकेदार आपसात ठरवून बोली पाडतात, कधी पान उचलून नेतात आणि पैसे पुढच्या वर्षावर ढकलतात. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा तेंदूपानावर १८ टक्के आणि बिडीवर २८ टक्के कर लागला, त्याची झळ खरेदीदाराने ग्रामसभेला सांगितलेल्या भावात उतरली. मुळात बिडी ओढणारेच कमी होत आहेत. एका पानावर उभ्या असलेल्या तालुक्याची ही मोठी काळजी आहे. मोहफुलाचेही तसेच : जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी असल्याने मोह नेहमी संशयाच्या पिशवीत राहिला. त्याचे संकलन आणि वाहतूक यांवरचे निर्बंध राज्याने २०२१ मध्ये सैल केले.

नदी बंद होण्याआधी साठा करणे ही इथली जुनी रीत, पुढे तिला सरकारी रूप आले. १९९५ च्या नवसंजीवन योजनेनुसार रेशनचे धान्य पावसाळ्याआधीच दुर्गम गावांत पोचवले जाते, आरोग्य केंद्रांत औषधे भरली जातात. दिवस भरत आलेल्या बायांना आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात आणून ठेवण्याची सोय आहे. नाल्यापलीकडच्या बाईला कावडीत किंवा खाटेवर आणावे लागले, ही बातमी तरीही जवळपास दर पावसाळ्यात येतेच.

बेट मात्र आतून अगदीच रिकामे नसते. पहिल्या पावसात नदीनाल्यांना चढणीचे मासे येतात आणि बांबूच्या सापळ्यांत अडकतात. जंगलात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब फुटतात, वारुळांवर सात्या, म्हणजे रानअळंबी उगवतात. रानभाज्या, वाळवलेले मोह, उरलेली कोसरी यांवर कुटुंबे श्रावण ओढून काढतात. या अन्नाची कुठे खरेदी-विक्री होत नाही, म्हणून उत्पन्नाच्या आकड्यांत ते दिसत नाही. दिसते ते मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्यांची संख्या. धान निघाल्यावर, साधारण जानेवारीपासून, सीमेलगतच्या तालुक्यांतून माणसे तिकडे जातात आणि मोहाच्या-तेंदूच्या वेळेला परततात.

भामरागडच्या अलीकडे तीन किलोमीटरवर हेमलकसा. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो उभा केला. त्यांना २००८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रकल्पाची ओळख दवाखान्याने आणि प्राण्यांनी झाली असली तरी अर्थकारणाच्या बाजूने पाहता तिथली शाळा अधिक दूरवर पोचली. मोजमाप, पावती, अर्ज समजणारी पहिली माडिया पिढी बऱ्याच अंशी तिथून निघाली. ग्रामसभेचा हिशोब लिहायला अशीच माणसे लागतात.

याच मुलखाचे कायमचे जलाशयात रूपांतर होण्याचीही वेळ आली होती. गोदावरीवरील इचमपल्ली आणि इंद्रावतीवरील भोपालपट्टणम या धरणांच्या योजनांत इथले जंगल आणि गावे बुडणार होती. १९८४ मध्ये ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले, बाबा आमटे त्यात होते. दोन्ही धरणे उभी राहिली नाहीत.

रस्त्याचे म्हणाल तर आलापल्लीहून येणारा सुमारे ६५ किलोमीटरचा मार्ग हीच एक नाडी. तो आता राष्ट्रीय महामार्ग १३०-डी चा भाग आहे, लाहेरीमार्गे छत्तीसगडातील नारायणपूर-कोंडागावकडे जाणारा. शेजारच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडचे लोहखनिज निघू लागल्यापासून आलापल्ली परिसरातील रस्त्यांवर जड ट्रकांची रांग लागते. त्या रस्त्यांची गरज कुणाच्या मालासाठी आधी मोजली जाते, हे ट्रकांच्या रांगेकडे पाहून कळते. भामरागडात पर्लकोटेवरच्या जुन्या ठेंगण्या पुलाशेजारी उंच पुलाचे काम हाती घेण्यात आले. त्याची मागणी इतकी जुनी की ती करणाऱ्यांची नातवंडे आता मतदार आहेत.

उंच पुलाने भामरागड गावाची वाट मोकळी होईल. तालुक्याची नव्हे. लाहेरी, कोठी, बिनागुंडा, कुवाकोडी या बाजूंना डोंगरातून उतरणारे नाले आहेत. गुंडेनूरसारख्या नाल्यांना पाणी आले की पलीकडच्या गावांना भामरागडचा आठवडी बाजारही दुसऱ्या देशासारखा होतो. तिथे अजूनही जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मिठाची पोती डोक्यावरून जातात. त्यांचे पैसे तेंदूच्या फळीवरून आलेले असतात, नाहीतर उधार असतात.